डेव्हिस कपची न झालेली फायनल आणि "हा आमचा घरचा मामला आहे"

१९७४ साली भारत टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचला होता आणि ती फायनल झालीच नाही. हे हल्लीच्या पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं पाऊसबिऊस आला असेल. पाऊस नाही, काही नाही, आपण खेळायलाच गेलो नाही. समोर दक्षिण आफ्रिका होती, तिथे वर्णभेदाचं सरकार होतं, आणि दिल्लीने सांगितलं की यांच्याशी खेळायचं नाही, कप गेला तरी चालेल. कप गेला. दक्षिण आफ्रिकेला एकही बॉल न मारता चॅम्पियन जाहीर केलं.

आणि आपली टीम काही लंगडी नव्हती बरं का. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं, ती टाय (म्हणजे दोन देशांमधली अख्खी लढत) इतकी लांबली की एकूण ३२७ गेम झाले, रेकॉर्डच तो. मग सेमीफायनल आपल्या पुण्यात, सोव्हिएत युनियनबरोबर, ती ३-१. आमचे एक काका तेव्हा पुण्यात कॉलेजला होते, ते ही मॅच बघायला गेले होते आणि अजूनही कुठल्या लग्नात कोणी टेनिसचा विषय काढला की त्यांची गाडी तिथेच येऊन थांबते, "कप आपलाच होता रे, सरकारने घालवला". त्यानंतर आपण एकदाच फायनल गाठली, १९८७ ला, आणि स्वीडनने ५-० धुतलं. आजतागायत डेव्हिस कप आपल्याकडे नाही. तेव्हा काकांचं दुःख खरं आहे, मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पण मला विचाराल तर खेळाच्या बाबतीत आपल्या सरकारने घेतलेल्या निर्णयांत हा सगळ्यात चांगला निर्णय असेल. का ते सांगायला ही पोस्ट. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

"खेळात राजकारण आणू नका" असं म्हणणारे लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात की दक्षिण आफ्रिकेत राजकारण खेळात बाहेरच्यांनी आणलंच नव्हतं, ते तिथे पहिल्यापासून घुसलेलं होतं. १८९४ ला त्यांची पहिली टीम इंग्लंडला निघाली तेव्हा क्रोम हेंड्रिक्स नावाचा एक भन्नाट फास्ट बॉलर होता, मलाय वंशाचा, त्याला घेतलं नाही, आणि ते घेऊ न देण्यामागे खुद्द तिथल्या केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स होता. म्हणजे १९४८ ला वर्णभेदाचं अधिकृत धोरण आलं त्याच्या पन्नासेक वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे काळ्यांचं क्रिकेट वेगळं, मिश्रवर्णीयांचं वेगळं, भारतीयांचं वेगळं, आणि "दक्षिण आफ्रिकेची टीम" म्हणजे फक्त गोऱ्यांची टीम. त्या टीमने कधीही भारताशी, पाकिस्तानशी किंवा वेस्ट इंडीजशी टेस्ट खेळली नाही. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी मात्र मजेत खेळत होते आणि त्या तिघांनाही त्यात काही खटकत नव्हतं.

आता जरा मागे जाऊ, १९४६. आपण स्वतंत्रही झालो नव्हतो, हंगामी सरकारही त्याच वर्षी आलं. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांनी जमीन कुठे घ्यायची, कुठे राहायचं यावर बंधनं घालणारा कायदा केला, लोक त्याला 'घेट्टो अ‍ॅक्ट' म्हणत. डरबनमध्ये सत्याग्रह सुरू झाला, माणसं तुरुंगात जायला लागली. भारताने त्यांच्याशी व्यापार तोडला (असं करणारा पहिला देश आपण) आणि प्रकरण थेट युनोत नेलं. युनोचं वय तेव्हा जेमतेम वर्षाचं. आपल्याकडून बोलायला विजयालक्ष्मी पंडित आणि समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स.

हे स्मट्स म्हणजे गंमतच आहे. युनोच्या सनदेची प्रस्तावना आहे ना, ती मानवी हक्क, माणसाची प्रतिष्ठा वगैरे मोठमोठे शब्द असलेली, ती लिहिण्यात या गृहस्थांचा हात होता. आणि वर्षभरातच ते त्याच सनदेतलं कलम २(७) दाखवत उभे राहिले, की बघा, कुठल्याही देशाच्या अंतर्गत बाबीत युनोने नाक खुपसायचं नाही असं इथेच लिहिलंय. आमचे भारतीय, आमचा कायदा, आमचा देश, तुमचा काय संबंध? ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं, ३२ विरुद्ध १५, सात तटस्थ, ठराव पास. ठरावाने प्रत्यक्षात काही बदललं का, तर नाही. स्मट्स घरी गेले आणि सगळं होतं तसंच चाललं, उलट दोन वर्षांत त्यांच्याहून कट्टर लोक निवडून आले. पण वर्णभेद हा नुसता घरचा मामला नाही, जगाने त्यावर बोलायचं, हे त्या मतदानाने एकदाचं कागदावर आलं. यापुढे दक्षिण आफ्रिका जवळजवळ प्रत्येक वेळी हेच रडगाणं गात राहिली, अंतर्गत बाब, अंतर्गत बाब. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधली वर्षं पटकन सांगतो. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या, ६९ लोक मेले, म्हणून २१ मार्च हा दिवस आज जगभर वर्णद्वेषविरोधी दिवस असतो. १९६२ ला युनोने वर्णभेदावर खास कमिटी नेमली, त्या कमिटीचं काम वर्षानुवर्षं ज्यांनी रेटलं ते ई. एस. रेड्डी, आपले आंध्रकडचे, पडद्यामागे राहून काम करणारा माणूस, आपल्याकडे त्यांचं नावही कोणाला माहीत नाही. १९६५ ला सगळ्या प्रकारचा वांशिक भेदभाव संपवायचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ठराव होत होते, भाषणं होत होती आणि प्रिटोरियातल्या गोऱ्या साहेबाला त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. त्याची शनिवारची रग्बी चालू होती, उन्हाळ्यातलं क्रिकेट चालू होतं. दुखत नव्हतं.

दुखायला लागलं ते एका माणसामुळे, आणि त्याने बिचाऱ्याने फक्त रन काढले होते.

बेसिल डॉलिव्हेरा. केपटाऊनचा, तिथल्या भाषेत 'कलर्ड', म्हणजे मिश्रवर्णीय. मॅटिंगवर, खडबडीत ग्राउंडवर सेंच्युऱ्यांचा ढीग लावलेला पण देशाच्या टीमचं दार बंद. त्याने इंग्लंडमधले कॉमेंटेटर जॉन आर्लट यांना हिरव्या शाईत पत्रं लिहिली, मला तिकडे कुठे खेळता येईल का. आर्लटनी खटपट करून लँकेशायरच्या लीगमध्ये मिडलटन क्लबची नोकरी मिळवून दिली, १९६० ला तो आला. तिथून वूस्टरशायर आणि तिथून १९६६ ला थेट इंग्लंडची टेस्ट टीम. वयाची पस्तिशी तरी नक्कीच उलटत आलेली.

१९६८ च्या हिवाळ्यात इंग्लंड दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जाणार होतं. तिथल्या सरकारला हा माणूस नको होता, पण तोंडाने तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून मधल्या माणसांकरवी त्याला दक्षिण आफ्रिकेत कोचिंगची गलेलठ्ठ पगाराची नोकरी देऊ केली गेली, अट एवढीच की दौऱ्यासाठी मी उपलब्ध नाही असं कळव. तो बधला नाही. समर सीझनमध्ये त्याला टीममधून काढलेलंच होतं, तेवढ्यात ओव्हलच्या शेवटच्या टेस्टआधी रॉजर प्रिडो आजारी पडला आणि आयत्या वेळी याला बोलावणं आलं. ३१ वर असताना कीपरने कॅच सोडला. आणि मग याने १५८ मारले, ऑस्ट्रेलियासमोर. मॅच जिंकली.

आणि तरीही दौऱ्याच्या टीममध्ये नाव नाही! वूस्टरशायरच्या ड्रेसिंग रूममध्ये रेडिओवर टीम जाहीर होत होती, तिथे त्याने ती ऐकली, आणि एवढा खमका माणूस पण कोसळला, रडला. सिलेक्टर म्हणाले निव्वळ क्रिकेटचा निर्णय आहे. (हे वाक्य आपल्याकडचेही सिलेक्टर म्हणतात, पण ते वेगळ्या कारणासाठी.) इंग्लंडभर बोंबाबोंब झाली, इंग्लंडची टीम दौऱ्यावर पाठवणारा क्लब म्हणजे एमसीसी, त्याच्या सभासदांनी राजीनामे दिले. दोनतीन आठवड्यांनी टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी डॉलिव्हेराला घेतलं. आता कार्टराइट बॉलर, हा बॅट्समन, म्हणजे आधीचं कारण किती खरं होतं ते समजा. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान फोर्स्टर ब्लूमफाँटेनच्या सभेत गरजले की ही एमसीसीची टीम नाहीच, ही वर्णभेदविरोधी चळवळीची टीम आहे, आम्हाला नको. दौरा रद्द.

माझ्या मते फोर्स्टरने त्या दिवशी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तोपर्यंत इंग्लंडमधला मध्यमवर्गीय क्रिकेटवाला म्हणत होता की त्यांची सिस्टीम त्यांच्यापाशी, आपण आपलं खेळू. पण आता ते तुमच्या टीममध्ये कोण असावं हे ठरवायला लागले होते. घरचा मामला दुसऱ्याच्या घरात शिरला होता.

पुढे मग थांबलंच नाही. १९७० ला दक्षिण आफ्रिकेची टीम इंग्लंडला येणार होती, तेव्हा पीटर हेन नावाच्या विशीतल्या कॉलेजकुमाराने 'स्टॉप द सेव्हंटी टूर' अशी चळवळ चालवली, त्याआधी आलेल्या त्यांच्या रग्बी टीमला मॅचगणिक हैराण करून सोडलं, लॉर्ड्सच्या पिचभोवती काटेरी तारा लावायची वेळ आली आणि शेवटी मे महिन्यात दौरा रद्द झाला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रॅडमननी, जे काही चळवळे म्हणून प्रसिद्ध नव्हते, त्यांनीही दौरा रद्द केला. ऑलिंपिकमधून १९७० ला हकालपट्टी. केपटाऊनच्या न्यूलँड्सवर १९७१ ला तर त्यांचे स्वतःचे गोरे खेळाडू, पोलॉक, प्रॉक्टर, रिचर्ड्स वगैरे, एक बॉल टाकून निषेध म्हणून ग्राउंड सोडून गेले. तिथल्या बिगरगोऱ्या क्रिकेटचे पुढारी हसन हावा यांचं एक वाक्य तेव्हापासून गाजलं, की समाजच नॉर्मल नसेल तर त्यात नॉर्मल खेळ कसा होईल. त्यामुळे "आता आम्ही एकदोन काळे खेळाडू घेतो, मग तर झालं?" अशी जी रंगरंगोटी सुरू झाली तिलाही त्यांनी भीक घातली नाही.

१९७६ ला न्यूझीलंडची रग्बी टीम दक्षिण आफ्रिकेत खेळत होती, आणि तेव्हाच तिकडे सोवेटोत, जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत, शाळकरी पोरांवर गोळ्या चालल्या होत्या. वीसेक आफ्रिकी देश म्हणाले न्यूझीलंडला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधून काढा, ऑलिंपिकवाले म्हणाले रग्बी आमचा खेळच नाही, तर हे देश सरळ उठून घरी निघून आले. विचार करा, ज्या अ‍ॅथलीटने चार वर्षं फक्त या एका शर्यतीसाठी घाम गाळलाय तो ऑलिंपिकचं गाव सोडून परत. आपल्या अमृतराज बंधूंसारखंच त्यांचं. टांझानियाचा फिल्बर्ट बायी, १५०० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड त्याच्या नावावर होता, तो नाही पळाला. याची किंमत जे बहिष्कार घालतात त्यांनाही मोजावी लागते हे आपण विसरतो, आणि बहुतेक वेळा ती गरीब देशांनीच मोजली. त्या धक्क्याने पुढच्या वर्षी कॉमनवेल्थ देशांचा ग्लेनईगल्स करार झाला, की दक्षिण आफ्रिकेशी खेळायला आपापल्या लोकांना उत्तेजन द्यायचं नाही.

तरी १९८१ ला न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी टीमला, स्प्रिंगबॉक्सना, बोलावलंच. अख्खा देश दुभंगला, एका घरात बाप आणि मुलगी बोलेनात. हॅमिल्टनला शेकडो निदर्शक ग्राउंडवर घुसून मधोमध ठाण मांडून बसले, मॅच रद्द. ही बातमी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात पोचली तेव्हा सूर्य उगवल्यासारखं वाटलं असं मंडेला नंतर म्हणाल्याचं सांगतात. शेवटच्या टेस्टला ऑकलंडमध्ये एका पठ्ठ्याने छोट्या विमानातून ग्राउंडवर पिठाच्या पिशव्या टाकल्या, त्यातली एक न्यूझीलंडच्याच गॅरी नाइटच्या डोक्यात बसली आणि तो आडवा. खेळ चालू राहिला, पण टीव्हीवर दक्षिण आफ्रिकेतला माणूस हे बघत होता. आपण बाहेर गेलो की लोक विमानातून पीठ टाकतात, हे त्याला दिसलं.

आता आपल्याकडचा मसाला.

युनोच्या त्या कमिटीने १९८० नंतर एक यादी काढायला सुरुवात केली, दक्षिण आफ्रिकेत जाऊन कोणकोण खेळाडू खेळले त्यांची नावं. साधी यादी. पण तिचा वचक जबरदस्त, कारण यादीत नाव असलं की बरेच देश व्हिसा देईनात, आणि पुन्हा जाणार नाही असं लेखी दिलं तरच नाव कमी होणार. १९८१ ला इंग्लंडची टीम भारतात यायची होती, तिच्यात जेफ्री बॉयकॉट आणि जेफ कुक दोघेही यादीतले. इंदिराबाई अडून बसल्या. दौरा बोंबलतो की काय अशी वेळ आली, मग दोघांनी आम्हाला वर्णभेद मान्य नाही असं सांगितलं आणि गाडी पुढे सरकली. बॉयकॉट आला, दिल्लीत सोबर्सचा रनांचा वर्ल्ड रेकॉर्ड मोडला, कलकत्त्यात तब्येत बरी नाही म्हणून फिल्डिंगला आला नाही आणि म्हणे गोल्फ खेळायला गेला, मग दौरा अर्धवट सोडून घरी. आणि मार्चमध्ये हा बाबा कुठे? गूच वगैरे मंडळींबरोबर दक्षिण आफ्रिकेत, बंडखोर दौऱ्यावर, म्हणजे बोर्डाला न जुमानता पैशासाठी काढलेल्या दौऱ्यावर! आडनाव बॉयकॉट आणि धंदा बॉयकॉट मोडायचा. असो.

या बंडखोर दौऱ्यांचा पैसा प्रचंड होता. इंग्लंडवाले गेले, श्रीलंकेचे गेले, ऑस्ट्रेलियाचे गेले, आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं म्हणजे १९८३ ला वेस्ट इंडीजचे गेले. लाखभर डॉलर मिळत होते एकेकाला, लॉइडच्या भरलेल्या टेस्ट टीममध्ये जागा नाही, मोह पडणारच. व्हिव रिचर्ड्सने नाही म्हटलं. जे गेले त्यांच्यात कॉलिन क्रॉफ्ट होता. त्यांना तिथे 'मानद गोरे' असा दर्जा होता, म्हणजे हॉटेल, बार सगळं खुलं. एक दिवस केपटाऊनमध्ये क्रॉफ्ट लोकलच्या डब्यात जाऊन बसला, कंडक्टर आला आणि म्हणाला हा गोऱ्यांचा डबा आहे, ऊठ. सहा फूट पाच इंचाचा माणूस, जगातले बॅट्समन ज्याला टरकायचे, तो मुकाट उठून दुसऱ्या डब्यात गेला. गांधीजींना पीटरमारित्झबर्गला डब्यातून उतरवलं त्याला नव्वद वर्षं झाली होती. चेक घेऊन आलेल्या पाहुण्यालाही तोच कायदा. घरी परतल्यावर वेस्ट इंडीज बोर्डाने या सगळ्यांना जन्मभरासाठी बॅन केलं, काहींची पुढे फार वाईट अवस्था झाली. मला त्यांचा राग येत नाही खरं सांगायचं तर, कीव येते. राग येतो तो बॉयकॉटचा, त्याला कमी काय होतं?

१९८८ ला परत तोच खेळ. इंग्लंडने भारताच्या दौऱ्याची टीम जाहीर केली, कॅप्टन ग्रॅहम गूच, आणि टीममधले तब्बल आठ जण दक्षिण आफ्रिकेशी संबंध असलेले. राजीव गांधी सरकारने व्हिसा नाकारले. दौरा रद्द. आमच्या पिढीला गावसकर रिटायर झाल्यावर घरच्या टीमला इंग्लंडबरोबर बघायचं होतं, आम्ही चडफडलो. पण या दोन्ही झटक्यांचा परिणाम बघा, पुढच्याच जानेवारीत आयसीसीने, क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, नियम केला की यापुढे जो दक्षिण आफ्रिकेत जाईल तो इतकी इतकी वर्षं टेस्टला मुकेल. ज्या आयसीसीत इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे व्हेटो होता तिने हे केलं, कारण त्यांना कळलं की भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज खेळले नाहीत तर खेळणार कोणाशी आणि तिकिटं विकणार कसली.

वर्णभेद खेळाच्या बहिष्काराने संपला असं म्हणणं वेडेपणा होईल. तो तिथल्या लोकांनी संपवला, मार खाऊन, मरून. शिवाय १९८५ नंतर बँकांनी कर्ज फिरवून द्यायला नकार दिला, अमेरिकेच्या काँग्रेसने रेगनचा व्हेटो मोडून निर्बंध लावले, हे सगळं वजनाने मोठं. पण सामान्य गोऱ्या मतदाराला बँकेचं कर्ज दिसत नाही, शनिवारची मॅच दिसते. याचा पुरावा मार्च १९९२. वर्ल्ड कप चालू, दक्षिण आफ्रिका एकवीस-बावीस वर्षांनी परत आलेली, सेमीफायनलच्या वाटेवर, आणि घरी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्कनी फक्त गोऱ्यांचं सार्वमत ठेवलेलं, की वाटाघाटी पुढे न्यायच्या का. 'नाही' आलं तर टीमला ऑस्ट्रेलियातून परत बोलवावं लागेल ही टांगती तलवार. १७ मार्चला ६८.७ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. पाच दिवसांनी सिडनीत ती कुप्रसिद्ध सेमीफायनल, पावसाच्या नियमाने दक्षिण आफ्रिकेला १ बॉलमध्ये २२ रन करायला लावणारी. सगळ्यांना ते २२ रन आठवतात, मला ६८.७ आठवतात.

परत घेतानाही पुढाकार आपलाच होता हे मला आवडतं. आयसीसीत त्यांना परत घ्यायचा प्रस्ताव भारताने मांडला आणि पहिली मॅच ईडनला, १० नोव्हेंबर १९९१. त्यांचा कॅप्टन क्लाइव्ह राइस म्हणाला होता की चंद्रावर उतरलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते मला आता कळलं. त्यांच्या फास्ट बॉलर डोनाल्डने आल्या आल्या कापाकापी सुरू केली, पाच विकेट घेतल्या, पण सचिनने ६२ काढले आणि दुसऱ्या बाजूला आपल्या शिवाजी पार्कचा, आचरेकर सरांचा प्रवीण आमरे, पहिलीच वनडे, ५५. पुढच्या वर्षी आपली टीम तिकडे गेली, वाडेकर मॅनेजर. डरबनला पहिली टेस्ट. म्हणजे ज्या गावात १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आपले गिरमिटिये नेले, जिथे १९४६ चा सत्याग्रह झाला, तिथल्या किंग्जमीडवर, जिथे भारतीयांना एका वेगळ्या कोपऱ्यात बसून मॅच बघावी लागायची. कपिलच्या पहिल्याच बॉलवर जिमी कुक आउट, कॅच सचिन. त्यांच्याकडून ओमर हेन्री खेळला, चाळिशीचा, बंदी उठल्यानंतर दक्षिण आफ्रिकेकडून टेस्ट खेळलेला पहिला बिगरगोरा. सचिन टीव्ही अंपायरने आउट दिलेला जगातला पहिला बॅट्समन ठरला. आणि आमरेने पदार्पणात १०३. पुढे या गुणी माणसाला ११ टेस्टनंतर का बाजूला टाकलं ते आपल्या क्रिकेट बोर्डालाच माहीत, तो राग वेगळा.

इथे थांबलो असतो तर छान झालं असतं, सगळ्यांची छाती फुगली असती. पण डरबनलाच, नऊ वर्षांनी, आपण काय केलं तेही सांगायला पाहिजे.

३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१, युनोची वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद. मुद्दाम डरबन निवडलेलं. गुलामगिरीबद्दल माफी मागायची की नाही यावर युरोप घाम पुसत होता, इस्राएलच्या मुद्द्यावरून अमेरिका आणि इस्राएल मध्येच उठून गेले. आणि भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले होते, मागणी एकच, जन्मावरून आणि पिढीजात कामावरून होणारा भेदभाव, म्हणजे जात, हा विषय परिषदेच्या मसुद्यात हवा. भारत सरकारने त्याला कसून विरोध केला. परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्लांनी भाषणात सांगितलं की जात हा या परिषदेचा विषयच नाही, सदस्य देशांच्या आत सोशल इंजिनिअरिंग करायला आपण इथे जमलेलो नाही. शेवटच्या जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही.

त्याच्या ५५ वर्षं आधी स्मट्स हेच म्हणत होते हो! शब्द वेगळे, सूर तोच.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणत नाही. जात म्हणजे वंश नव्हे हे खरंच आहे, बाबासाहेबांनीच १९३६ ला ते ठणकावून मांडलंय. आपल्या घटनेत अस्पृश्यता गुन्हा आहे, आरक्षण आहे, दक्षिण आफ्रिकेसारखं सरकारच भेदभाव करत नव्हतं, हेही खरं. पण १९६५ च्या करारात रंग आणि वंशाबरोबर जन्माने मिळालेलं कूळ हाही आधार लिहिलेला आहे, आणि तो तिथे घालावा ही सूचना कोणाची? भारताची! करारावर देखरेख ठेवणाऱ्या युनोच्या समितीने १९९६ लाच सांगितलं होतं की यात जात येते, आणि डरबननंतर वर्षभरात, २००२ ला, पुन्हा स्पष्ट लिहून दिलं. दिल्ली दोन्ही वेळेला मानायला तयार नाही.

आणि मला सगळ्यात जास्त काय खातं सांगू? १९४६. विजयालक्ष्मी पंडित न्यूयॉर्कला भाषणाची तयारी करत असतील त्याच सुमाराला बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तुमच्या लोकांनी युनोकडे अर्ज केलाय असं वाचलं, भारतातले अस्पृश्यही तसाच विचार करतायत, त्या अर्जाची प्रत मिळेल का, अशा अर्थाचं. डु बॉइसनी जुलै संपता संपता उत्तरही दिलं, सहानुभूतीचं. म्हणजे एकाच वर्षी या देशातून युनोच्या दारात दोन तक्रारी जायला निघाल्या होत्या. एक पोचली, तिच्यावर मतदान झालं, शाळेत आपण ती अभिमानाने शिकतो. दुसरीला अजून नीट दारात घेतलेलं नाही, आणि दार अडवून आपणच उभे आहोत.

क्रिकेटवाल्यांनी तरी यात फार आश्चर्य वाटून घेऊ नये. पळवणकर बाळू, अस्पृश्य मानलेल्या समाजातला, त्या काळातला देशातला सगळ्यात भारी डावरा स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट, पुण्यात हिंदूंच्या टीमला त्याची बॉलिंग हवी असायची पण चहा मात्र त्याने पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात घ्यायचा. मुंबईच्या स्पर्धेत तेव्हा धर्मावरून टीमा असायच्या, तिथल्या हिंदूंच्या टीमचा कॅप्टन तो कधीच झाला नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते मिळायला १९२३ उजाडलं. मॅटिंगवर सेंच्युऱ्या मारणाऱ्या डॉलिव्हेराची गोष्ट ऐकताना आपले डोळे ओले होतात, हे आपल्या पुण्यातलं मात्र कित्येक क्रिकेटवेड्यांच्या कानावरही नसतं.

आता हा विषय दुसऱ्याच रस्त्याने बाहेर पडलाय. फेब्रुवारी २०२३ ला सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि तो ठराव आणणारी क्षमा सावंत जन्माने पुण्याची. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातही तसा कायदा विधिमंडळाने पास केला पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये व्हेटो केला, म्हणाले आधीचे कायदे पुरेसे आहेत. तिकडच्या आपल्या मंडळींमध्ये यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. माझ्या ओळखीचा एक जण म्हणतो अमेरिकेला यातलं काय कळतं, उगाच आपली बदनामी, हा आपल्या आपल्यातला विषय आहे. दुसरा त्याच कंपनीत, तो म्हणतो की नवीन टीममध्ये गेलं की आपलीच माणसं आधी आडनाव विचारतात, त्यावरून अंदाज लागला नाही की गाव विचारतात, तिथेही लागला नाही तर व्हेज की नॉनव्हेज, आणि मॅनेजरही आपल्यातलाच असेल तर मी सरळ लंचला दुसऱ्या मजल्यावर जातो. मी पहिल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला नॉनव्हेज तर मी पण खातो.